शुद्धीची शपथ: संस्कृतीकरण कोणते आणि प्रतिकार कोणता?

सातपुड्याच्या पायथ्याशी, तळोदा-शहादा भागातल्या एखाद्या भिल्ल वस्तीने दारू सोडली, मांस वर्ज्य केले, रोजची अंघोळ आणि सायंकाळची आरती सुरू केली, की बाहेरून पाहणारा चटकन म्हणतो, हे वरच्या जातींचे अनुकरण आहे. एम. एन. श्रीनिवास यांनी १९५० च्या दशकात रूढ केलेली ‘संस्कृतीकरण’ ही संज्ञा अशा वेळी हाताशी तयार असते: खालच्या मानल्या गेलेल्या गटाने वरच्यांचा आचार उचलायचा आणि उतरंड न मोडता तिच्यात आपली जागा थोडी वर सरकवायची. परंतु ज्या व्यवहारातून आपली लूट होते तो व्यवहारच सामूहिक शपथेने बंद पाडणे, असाही त्याच आचाराचा अर्थ असू शकतो. दोन्हींकडे आरती तीच आणि माळही तीच असल्यामुळे नुसत्या आचारावरून निवाडा होत नाही. शपथेमुळे कोणाचा धंदा बसतो आणि कोणाची सोय होते, हे पाहावे लागते.

त्यासाठी आधी दारूचा हिशेब लक्षात घ्यायला हवा. मोहाची दारू हा आदिवासींच्या घरचा आणि देवाचाही पदार्थ होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती गाळपावर टाच आली, मक्तेदारांची दुकाने वाढली आणि सरकारला महसूल मिळू लागला. पुष्कळ ठिकाणी दारू देणारा आणि उधारी मांडणारा माणूस एकच असे. उधारीच्या पाठोपाठ जमीनही जाई. म्हणून १९२२ मध्ये किनाऱ्याकडून दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात पसरलेल्या देवीच्या चळवळीत, अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून देवीने दारू सोडा, स्वच्छ राहा असे सांगितले, तसेच पारशी दारूविक्रेत्यांवर आणि जमीनमालकांवर बहिष्कार घाला असेही बजावले. नुसत्या अनुकरणात या बहिष्काराचा उलगडा होत नाही.

खान्देशातले याच प्रकारचे उदाहरण म्हणजे तळोदा तालुक्यातले संत गुलाम महाराज. १९३० च्या दशकात त्यांच्या आरतीला भिल्लांचे मोठे मेळावे भरू लागले. दारू-मांस सोडण्याबरोबरच अनुयायांनी एकमेकांना ‘आप’ म्हणायचे, अशी तिथली रीत होती. ज्याला शेताच्या बांधावर आयुष्यभर ‘अरे, तू’ ऐकावे लागे, त्याने आपल्याच माणसाला आदरार्थी हाक मारणे यात मालकाच्या घरातल्या देव्हाऱ्याची नक्कल कमी आणि मालकाच्या तोंडच्या भाषेला उत्तर अधिक आहे, असे मला वाटते. १९३८ मध्ये महाराजांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ही परंपरा पुढे चालवली.

पण एवढ्यावरून शुद्धीची प्रत्येक चळवळ प्रतिकाराची असते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. न पिणारा, वेळेवर येणारा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेला शेतगडी, बड्या शेतकऱ्यालाही हवाच असतो, आणि गावातल्या हरिनाम सप्ताहाची मोठी वर्गणी, पंगतीतली वरण-बट्टी आणि काल्याच्या कीर्तनात पुढे बसण्याचा मान पुष्कळदा त्याच्याच घराकडे असतो. तिथे व्यसनमुक्तीचा उपदेश मजुराला केला जातो. त्याच्या मजुरीचा विषय मात्र निघत नाही. आदिवासींच्या आतही फळी पडते: भिल्लांमधल्या, दारू-मांस सोडून माळ घालणाऱ्या भगत पंथांत माळकरी कुटुंबे बिनमाळकऱ्यांशी रोटी-बेटी व्यवहार टाळू लागतात, म्हणजे उतरंड नाकारण्यासाठी घातलेली माळ आणखी एक उतरंड तयार करते. संस्कृतीकरण हा शब्द इथे खरोखर लागू पडतो.

शहाद्यात १९७० च्या दशकारंभी हे दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळलेले दिसतात. भजनांतून लोकांपर्यंत पोचलेले आणि सर्वोदयाच्या कामात वाढलेले अंबरसिंग सुरतवंती यांना लोक अंबरसिंग महाराजच म्हणत, आणि सालदारांची मजुरी व गेलेल्या जमिनी यांसाठीही तेच उभे राहिले. १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली; पुढे बायकांनी गावोगाव दारूच्या अड्ड्यांवर जाऊन मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. या बायकांची मागणी दारूपुरती होती. मांस, माळ, आरती यांच्याशी तिला कर्तव्य नव्हते. दारूमुळे घरात मार खावा लागतो आणि मजुरी उडते, हे त्यांचे कारण होते, आणि ते सांगण्यासाठी त्यांना देवीच्या संचाराची गरज पडली नाही. जमिनीचा प्रश्न मात्र दारू सोडून सुटणारा नव्हता. त्यासाठी मोर्चे, वहिवाटीचे पुरावे आणि आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा १९७४ चा कायदा लागला, आणि त्या कायद्याखाली दावा घेऊन तहसील कचेरीत जाणाऱ्यांत माळकरीही होते, बिनमाळकरीही होते.