लहान मुलांची भीती

लहान मुलांची भीती, नागपूरकडच्या बोलीत भेव, हा वाढीच्या वयाचा नेहमीचा भाग आहे. समोर दिसणाऱ्या किंवा ऐकू येणाऱ्या गोष्टीने मूल घाबरते तेव्हा ती भीती. पुढे काय होईल या विचाराने आधीच जीव खाली-वर होतो तेव्हा ती चिंता. तीन-चार वर्षांच्या मुलाला हा फरक सांगता येत नाही. ते पोट दुखते म्हणते, पाणी मागते, पुन्हा शू लागली म्हणते, नाहीतर चिडते. मोठ्यांना तो हट्ट वाटतो आणि अनेकदा इथूनच चुकायला सुरुवात होते.

वयाप्रमाणे भीती

साधारण सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला परके चेहरे ओळखू येऊ लागतात आणि ते अनोळखी माणसाकडे गेले की रडते. आईबाबा दृष्टीआड होण्याची भीती दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान सर्वांत तीव्र असते. दोन ते चार वर्षांत मोठे आवाज, प्राणी, अंधार आणि वेशभूषा केलेली माणसे यांची पाळी येते. प्रेशर कुकरची शिट्टी, मिक्सर, उन्हाळ्यात पहिल्यांदा सुरू केलेला डेझर्ट कूलर हे त्यातलेच. चार ते सहा वर्षांत कल्पनाशक्ती फुलते आणि तिच्यासोबत पलंगाखालचे भूतही येते. सहा-सातनंतर भीती खऱ्या जगाकडे वळते: वीज, अपघात, आजारपण, आईबाबांचे मरण.

म्हणजे चार वर्षांच्या मुलाने अंधाराला भिणे वयाला धरून आहे. तेच मूल वर्षभर संध्याकाळनंतर घरातल्या घरातही एकटे पाऊल टाकत नसेल, तर लक्ष घालायला हवे.

भीती टिकते कशी

धोका जाणवला की मेंदूतला अमिग्डला हा बदामाच्या आकाराचा भाग आधी घंटा वाजवतो. छाती धडधडते, हात गार पडतात, पोटात गोळा येतो. विचार करून ही घंटा शांत करणारा पुढचा मेंदू या वयात अजून घडतच असतो. म्हणून रडणाऱ्या मुलाला "घाबरण्यासारखं काय आहे त्यात?" असे विचारून काही हाती लागत नाही. आधी शरीर शांत व्हावे लागते, बोलणे नंतर.

भीती टिकवून ठेवण्यात सर्वांत मोठा वाटा टाळण्याचा असतो. कुत्रा दिसला, आईने उचलून कडेवर घेतले, रडू थांबले. मुलाच्या मनात हिशेब पक्का होतो की कडेवर होतो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी कुत्रा लांब असतानाच ते हात वर करते. घरचे प्रेमापोटी रस्ता बदलतात, दिवा चालू ठेवतात, मुलाच्या ऐवजी स्वतः उत्तर देतात आणि भीतीचे आवार दर महिन्याला थोडे रुंदावत जाते. टोमणे मारणारी घरे थोडीच असतात. भीती बहुतेक वेळा मायेच्या घरातच पोसली जाते, आणि पालकांना हे दोष न देता सांगावे लागते.

पायरीपायरीने

टाळण्याच्या उलट वाट म्हणजे भीतीच्या गोष्टीकडे लहान पावलांनी, मुलाच्या संमतीने जाणे. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९२४ मध्ये पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली. त्याला सशाची भीती होती. तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा थोडा थोडा जवळ आणत गेले, न भिणारी इतर मुले सोबत ठेवली आणि शेवटी पीटर सशाला हात लावू लागला. आजचे उपचार याच धाग्यावर उभे आहेत.

घरी करायची रीत अशी. आधी भीतीला माप द्यावे. सात वर्षांवरच्या मुलाला शून्य ते दहा आकडे कळतात. त्याहून लहान मुलाला दोन्ही हात पसरून "एवढी की एवढी?" दाखवायला सांगावे, किंवा लहान-मोठ्या चार वाट्या मांडून एक निवडायला सांगावी. मग सोप्यापासून अवघडापर्यंत सहा ते आठ पायऱ्या ठरवाव्यात. पहिली पायरी दहापैकी दोन-तीन भीतीची असावी.

अंधारी खोली हे उदाहरण घेऊ. पाच वर्षांची मुलगी रात्री आतल्या खोलीत जात नाही. पहिल्या पायरीला झिरोचा बल्ब लावून आईबरोबर खोलीत बसायचे आणि भिंतीवर हातांच्या सावल्यांचा खेळ करायचा, पाच मिनिटे. दुसरीला बल्ब बंद, टॉर्च मुलीच्या हातात. तिसरीला टॉर्चही बंद, आई शेजारी, वीसपर्यंत आकडे म्हणायचे. चौथीला आई दारात उभी राहते. पाचवीला आई स्वयंपाकघरात जाते पण बोलत राहते. सहावीला मुलगी एकटी जाऊन आतली उशी घेऊन येते. सातवीला तिथे एकटी दोन मिनिटे बसते. रोज दहा-पंधरा मिनिटे, शक्यतो ठरलेल्या वेळी. एक पायरी दोन-तीन दिवस सहज जमली की पुढची घ्यायची. जेवणाच्या, झोपेच्या किंवा तापाच्या वेळी घेऊ नये.

प्रत्येक पायरीआधी विचारावे, "तुला काय होईल असं वाटतं?" उत्तर मिळते, "कोणीतरी पाय धरेल." नंतर पुन्हा विचारावे, "मग धरला का?" हे दोन प्रश्न शाबासकीपेक्षा जास्त काम करतात, कारण आपला अंदाज चुकला हे मूल स्वतः शोधते. भीती पूर्ण उतरलीच पाहिजे असा आग्रह नको. ती असतानाही आपल्याला जमते, एवढे कळले तरी पायरी चढून झाली.

बिघाड बहुधा ठरलेल्या ठिकाणी होतात. उडी मोठी पडते: तिसऱ्या दिवशीच मामा लाइट बंद करून दार ओढून घेतात, आणि मूल पहिल्या पायरीच्याही खाली जाते. पोहण्याच्या तलावात ढकलून भीती जाते हा समजही याच जातीचा. दुसरे, भीती ऐन टोकाला असताना मुलाला उचलून बाहेर आणले जाते. तसे झालेच तर त्याच दिवशी एक सोपी पायरी करून थांबावे, म्हणजे शेवट पळण्यावर होत नाही. तिसरे, पुन्हा पुन्हा धीर देणे. "काही नाही होणार ना?" याला एकदा नीट उत्तर द्यावे. दहाव्यांदा विचारल्यावर "तुला उत्तर माहीत आहे, सांग बरं मला" म्हणावे. चौथे, "भूत पळवायचे पाणी" शिंपडणे. युक्ती गोड आहे, पण मोठ्यांनी पाणी शिंपडले म्हणजे भूत आहेच, असे मूल समजते.

श्वासाची मदत होते, मात्र ती शांत वेळी शिकवलेली असावी लागते. गरम दूध फुंकून गार करायचे तसे नाकाने आत घेऊन तोंडाने लांब फुंकायचे. बाहेर सोडणे आत घेण्यापेक्षा लांब हवे. भिंगरी किंवा साबणाचे फुगे घेऊन आठवडाभर खेळ केला, तर प्रसंगी ते आठवते.

बुवा, पोलीस आणि सुई

जेवत नाही म्हणून बुवा येईल, झोपत नाही म्हणून पोलीस नेतील, ऐकत नाही म्हणून डॉक्टर सुई टोचतील. हे अजून घरोघरी चालते आणि ते थांबले पाहिजे. दोन घास जास्त जातात खरे, पण हरवल्यावर ज्या पोलिसाकडे जायचे आणि ताप आल्यावर ज्या डॉक्टरसमोर बसायचे, त्यांच्यापासूनच मूल पळू लागते. "मुलगा असून रडतो?" आणि "भित्री भागूबाई" यांनी भीती कमी होत नाही, ती सांगणे तेवढे बंद होते.

लसीच्या वेळी खरे सांगावे: "मुंगी चावल्यासारखं होईल, पाच म्हणेपर्यंत संपेल." पाच वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी सांगितलेले बरे. आठवडाभर आधी सांगितले तर ते आठवडाभर भिते. आडवे दाबून धरण्यापेक्षा मांडीवर ताठ बसवून धरावे. तान्ह्या बाळाला टोचताना अंगावर पाजत राहिले तर दुखणे कमी जाणवते. पाच-सहा वर्षांचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर मुलाच्या चांगला लक्षात राहतो, म्हणून त्या वेळची वागणूक महत्त्वाची.

मारबत

नागपुरात भीतीचा एक खास दिवस आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, लहान मुले लाकडी बैल सजवतात आणि त्याच दिवशी इतवारी-महाल भागातून काळी व पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, आणि बडगे, म्हणजे पुरुषी पुतळे, यांची मिरवणूक निघते आणि शेवटी त्यांचे दहन होते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, अशी परंपरा सांगितली जाते. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" या आरोळ्या, ढोलताशे, गर्दी आणि माणसाच्या कितीतरी पट उंच पुतळा. खांद्यावर बसलेल्या तीन वर्षांच्या मुलाला हे सगळे एकाच वेळी अंगावर येते.

"आई, ती मला घेऊन जाईल का?"

"नाही बेटा. ती बांबूची अन् कागदाची आहे. ती रोगराई नेते, लेकरं नेत नाही."

मुलाचा प्रश्न तर्कशुद्ध आहे. आरोळीत "घेऊन जा" आहे, आणि काय घेऊन जा हे त्याला कळलेले नाही. म्हणून आधी अर्थ सांगावा. पुतळा घडत असताना बांबूचा सांगाडा दाखवता आला तर उत्तमच. घरी कागदाची वीतभर मारबत करून तिला खोकला, सर्दी, डास घेऊन जायला सांगावे. मिरवणूक पहिल्या वर्षी लांबून, एखाद्या गॅलरीतून पाहावी. दहनाजवळ नेऊ नये. कस्तुरचंद पार्कवरच्या रावणदहनाला आणि दिवाळीच्या लडींनाही हेच लागू. आवाजाला भिणाऱ्या मुलाचे कान झाकू द्यावेत, फुलबाजीपासून सुरुवात करावी.

शाळेचा पहिला आठवडा

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. दोन महिने मूल कूलरसमोर आजी आणि आईच्या कुशीत असते, आणि मग एकाएकी फाटक. तयारी आठ-दहा दिवस आधी सुरू करावी: मावशीकडे अर्धा तास, मग तास, मग दोन तास सोडून जावे आणि सांगितलेल्या वेळी परत यावे.

निरोप एका मिनिटाचा असावा. पापी, ठरलेले एक वाक्य, हात हलवणे, आणि जाणे. मूल खेळात गुंतल्यावर गुपचूप निघून जाणे ही मोठी चूक. त्या दिवशी शांतता मिळते, पण दुसऱ्या दिवसापासून मूल नजर हटवत नाही. "अकरा वाजता येईन" याचा चार वर्षांच्या मुलाला उपयोग नाही. "खिचडी खाऊन झाली, गोष्ट झाली की आजी फाटकाशी असेल" हे कळते. आणि आजी तिथे असलीच पाहिजे. खिशात आईचा रुमाल दिला तर हरकत नाही. बहुतेक मुलांचे रडे पालक दिसेनासे झाल्यावर काही मिनिटांत थांबते, म्हणून खिडकीतून डोकावू नये. सोमवारी, आजारपणानंतर आणि दिवाळीच्या सुटीनंतर रडे परत येते. तेव्हा एक-दोन पायऱ्या खाली उतरून पुन्हा चढावे. घरी ठेवले तर दुसरा दिवस दुप्पट जड जातो.

वीज, पूर, कुत्रा

काही भीतींमागे खरा धोका असतो. तिथे भीती घालवण्याआधी सावधगिरी शिकवावी. वीज चमकली की गडगडाटापर्यंत सेकंद मोजायचे आणि तीनने भागायचे, म्हणजे वीज किती किलोमीटरवर पडली ते कळते. मोजण्यात गुंतलेले मूल थरथरत नाही, आणि आकडा लहान होऊ लागला की घरात थांबायचे हेही शिकते.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले. अशा प्रसंगानंतर पावसाच्या आवाजाने जागे होणे, पूर-पूर खेळ पुन्हा पुन्हा खेळणे, सुटलेले अंथरूण पुन्हा ओले करणे हे पहिल्या महिन्यात अपेक्षित असते. खेळ थांबवू नये, त्यात सुटकेची होडी मात्र आणावी. टीव्हीवरची तीच तीच दृश्ये बंद ठेवावीत. महिन्यानंतरही तसेच राहिले तर तज्ज्ञांकडे न्यावे.

कुत्र्याच्या भीतीसाठी सराव ओळखीच्या, लस दिलेल्या, बांधलेल्या कुत्र्याबरोबरच करावा, गल्लीतल्या नव्हे. गल्लीत पळू नये, झाडासारखे उभे राहावे, डोळ्यांत पाहू नये, एवढे शिकवावे. चावले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून लगेच रेबीजच्या लसीसाठी न्यावे.

रात्रीची दचक

झोप लागल्यावर पहिल्या एक ते तीन तासांत मूल किंचाळत उठते, डोळे उघडे, अंग घामाने भिजलेले, आईलाही ओळखत नाही, आणि सकाळी काही आठवत नाही. ही गाढ झोपेतली दचक, स्वप्न नव्हे. हलवून उठवू नये, पडणार नाही एवढे पाहावे. वाईट स्वप्न बहुधा पहाटेकडे पडते, मूल पूर्ण जागे होते आणि सांगते. त्याला जवळ घ्यावे. दचक रोज ठरावीक वेळी येत असेल, तर त्याआधी पंधरा मिनिटे हलकेच चाळवून पुन्हा झोपवावे, असे दोन-तीन आठवडे.

दचकलेल्या लेकराची आजी दृष्ट काढते. तिचा हळू आवाज आणि डोक्यावरून फिरणारा हात शांत करतो, त्याला विरोध करायचे कारण नाही. मिरच्यांचा धूर मात्र लहान छातीला सोसत नाही. आणि कोणाची नजर लागली याची चर्चा मुलासमोर झाली, की शेजारच्या काकूंची नवी भीती तयार होते.

मदत केव्हा घ्यावी

आईबाबांपासून दूर होण्याची तीव्र भीती चार आठवड्यांहून जास्त राहिली आणि शाळा, झोप किंवा जेवण अडू लागले. घरी भरभरून बोलणारे मूल शाळेत पहिला महिना उलटल्यावरही एक शब्द बोलत नाही. एखाद्या ठरावीक गोष्टीची भीती सहा महिने तशीच आहे. किंवा मूल मरणाबद्दल, स्वतःला इजा करण्याबद्दल बोलते. शेवटच्या बाबतीत त्याच दिवशी न्यावे. इतर वेळी आधी बालरोगतज्ज्ञ, मग गरजेप्रमाणे बालमानसतज्ज्ञ. नागपुरात मेडिकल व मेयो ही सरकारी रुग्णालये आणि मिहानमधील एम्स इथे मनोविकार विभाग आहेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून तो चोवीस तास चालतो. मुलाला कोणाकडून त्रास किंवा इजा होत असल्याचा संशय असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. औषधे या वयात क्वचित लागतात आणि ती मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यावीत.

पहिल्या भेटीला जाताना दोन आठवड्यांची वही न्यावी. चार रकाने पुरेत: काय झाले, किती वाजता, किती वेळ, आणि तेव्हा घरच्यांनी काय केले. पालक पहिले तीन भरतात आणि चौथा सोडतात. टाळण्याला घरून कुठे हातभार लागतो ते त्या चौथ्या रकान्यातच दिसते, म्हणून तो रोज, त्याच रात्री भरावा.