हद्दवाढ, नागरी

हद्दवाढ, नागरी : नगरपालिका वा महानगरपालिका यांच्या अधिकारक्षेत्राची सीमा शासकीय अधिसूचनेने पुढे सरकवून लगतची गावे, गावांचे भाग किंवा अन्य स्थानिक संस्थांचे क्षेत्र तिच्यात समाविष्ट करण्याची प्रक्रिया. क्षेत्र समाविष्ट करण्याची व ते पुन्हा वगळण्याची तरतूद कायद्याच्या एकाच कलमात असल्याने या नोंदीत दोन्हींचा विचार एकत्र केला आहे. दोन शहरे वाढत एकमेकांना भिडतात तेव्हा त्यांच्यातील सामाईक सीमा कोठे असावी हा प्रश्न उभा राहतो. महाराष्ट्रात अशा शहरांनी एकमेकांना थेट जमीन दिल्याची उदाहरणे विरळ आहेत. दोन्हींच्या मधल्या ग्रामपंचायती कोणत्या शहराकडे जाव्यात एवढाच निर्णय बहुधा होतो, आणि तो शहरे किंवा गावे नव्हे, तर राज्यशासन घेते.

या प्रथेच्या उगमाविषयी एकमत नाही. पुण्याच्या संदर्भात तिचे मूळ पेशवेकालीन पेठांपर्यंत मागे नेता येईल असे एक मत मांडता येते. कसबे पुण्याच्या सभोवतालच्या मौजांच्या जमिनीवर पेठा वसत गेल्या. अठराव्या शतकाच्या बहुधा तिसऱ्या चरणात वसलेली सदाशिव पेठ पूर्वीच्या मौजे नायगावच्या जागेवर उभी राहिल्याचे सांगितले जाते. पेठ वसवताना सरकारातून कौल (अभयपत्र) दिला जाई, नव्या वसाहतीला काही काळ करांत सूट मिळे आणि शेटे-महाजनांकडे बाजारपेठेची व्यवस्था सोपवली जाई. शेतजमिनीचे नागरी वस्तीत रूपांतर आणि महसुली व्यवस्थेतील बदल या दोन अंगांनी हे आजच्या हद्दवाढीसारखे दिसते. परंतु त्या काळी शहराला स्वतःची अशी संस्था नव्हती, करआकारणीची मर्यादा ठरवणारी एकसंध हद्द नव्हती, आणि प्रत्येक पेठ सरकारशी स्वतंत्रपणे बांधलेली असे. त्यामुळे पेठांची वाढ हा नगरविस्ताराचा इतिहास मानावा आणि हद्दवाढीचा इतिहास नगरपालिका कायद्यांपासून सुरू करावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

गावाच्या शिवेचा इतिहास मात्र याहून जुना आहे आणि तो दुर्लक्षून चालत नाही. मराठा काळात दोन गावांमधील शिवेचा वाद गोतसभेपुढे (वतनदार व जाणत्यांच्या न्यायसभेपुढे) येई, निवाड्याचा महजर (साक्षी-निर्णयाचा लेख) लिहिला जाई आणि शीव कोठून जाते याविषयी महार वतनदारांची साक्ष निर्णायक मानली जाई. एकोणिसाव्या शतकातील महसुली मोजणीने या शिवा नकाशावर आणून दगडांनी कायम केल्या. आजही हद्दवाढीच्या अधिसूचनेतील परिशिष्टात शहराची चतुःसीमा महसुली गावांची नावे व सर्व्हे क्रमांक यांच्या आधारेच लिहिली जाते. म्हणजे आजच्या महानगराच्या कडा बव्हंशी जुन्या गावशिवांच्या तुकड्यांनी बनलेल्या आहेत, आणि संपूर्ण गावाऐवजी त्याचा भाग घेतला की शीव मोडून गुंतागुंत निर्माण होते.

मुंबई इलाख्यात १८५०च्या कायद्याने शहरांना नगरपालिका स्थापण्याची वाट मोकळी झाली व पुढे १८७३, १८८४ आणि १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्यांनी तिला निश्चित रूप दिले. पुणे नगरपालिकेचे स्थापनावर्ष काही ठिकाणी १८५७, तर काही ठिकाणी १८५८ दिले जाते. तिच्या शेजारी पुणे उपनगर नगरपालिका स्वतंत्रपणे कारभार पाहत होती. या दोहोंचे एकत्रीकरण होऊन १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महानगरपालिका अस्तित्वात आली. त्याच वर्षी मुंबईची हद्द बेटाबाहेर उपनगरांत गेली. ती पश्चिमेकडील लोहमार्गावर जोगेश्वरीपर्यंत आणि मध्य लोहमार्गावर भांडुपपर्यंत पोहोचल्याचे सामान्यतः मानले जाते. फेब्रुवारी १९५७ मध्ये ती दहिसर व मुलुंडपर्यंत वाढवण्यात आली. नाशिक (१९८२) येथे नाशिकरोड-देवळाली व सातपूर या नगरपालिका परिसरातील गावांसह एकत्र केल्या गेल्या. सांगली, मिरज व कुपवाड यांची एकच महानगरपालिका १९९८ मध्ये झाली. या दोन उदाहरणांत शेजारी शहरांनी सीमा समायोजित करण्याऐवजी ती पुसूनच टाकली.

सध्याची कार्यपद्धती मुख्यतः महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३ वर आधारलेली आहे. १९४९ मध्ये मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम या नावाने झालेल्या या कायद्यानुसार राज्यशासन संबंधित महानगरपालिकेशी विचारविनिमय करून राजपत्रातील अधिसूचनेद्वारे हद्दीत क्षेत्र समाविष्ट करू शकते वा त्यातून वगळू शकते. मात्र त्यापूर्वी प्रारूप अधिसूचना प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवणे आवश्यक असते. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २४३-थ मध्ये नागरी क्षेत्र ठरवताना लोकसंख्या, तिची घनता, स्थानिक प्रशासनासाठी मिळणारा महसूल, बिगरशेती रोजगाराचे प्रमाण आणि आर्थिक महत्त्व या बाबी विचारात घेण्यास सांगितले आहे. विचारविनिमयाची अट महानगरपालिकेपुरती असून ज्या ग्रामपंचायतीचे अस्तित्व संपणार असते तिच्यासाठी हरकत नोंदवण्यापलीकडे वेगळे स्थान कायद्यात नाही. या लेखकाच्या मते हीच या व्यवस्थेतील सर्वांत मोठी उणीव आहे, कारण ज्यांचे सरपंच, सदस्य आणि ग्रामसभा एका तारखेस विसर्जित होतात त्यांचेच म्हणणे सर्वांत कमी वजनाचे ठरते. जनगणनेपूर्वी प्रशासकीय सीमा गोठवल्या जात असल्याने प्रलंबित प्रस्तावांचे निर्णय अनेकदा त्या मुदतीच्या तोंडावर घाईने घेतले जातात किंवा पुढे ढकलले जातात.

पुणे व पिंपरी-चिंचवड यांची जोडी या विषयाच्या अभ्यासासाठी सर्वांत उपयुक्त आहे. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी मिळून १९७० मध्ये नगरपालिका झाली व १९८२ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. दोन्ही शहरांची सामाईक हद्द बऱ्याच अंतरापर्यंत मुळा नदीने ठरते. औंध-सांगवी, बोपोडी-दापोडी किंवा बालेवाडी-वाकड अशा समोरासमोरच्या वस्त्या दोन महानगरपालिकांत विभागल्या आहेत. नदी ही नकाशावर सोयीची सीमा असली तरी पूल, सांडपाणी व पूररेषा यांच्या दृष्टीने ती दोन्ही काठांना एकत्र बांधते, त्यामुळे दोन्ही संस्थांना पुलांच्या व नदीच्या कामांत एकमेकींशी वाटाघाटी कराव्या लागतात. बससेवेच्या बाबतीत ही अडचण २००७ मध्ये दोन्ही परिवहन उपक्रमांची एकच कंपनी करून दूर केली गेली. त्या कंपनीत पुण्याचा वाटा ६० टक्के व पिंपरी-चिंचवडचा ४० टक्के ठेवण्यात आला.

१९९७ मध्ये दोन्ही महानगरपालिकांची हद्द एकाच वेळी वाढली. पुण्यात त्या वेळी ३८ गावे आली. पुढील काही वर्षांत त्यांपैकी काही पूर्णतः व काही अंशतः वगळली गेली आणि उरलेली २३ गावे ‘समाविष्ट गावे’ म्हणून ओळखली जाऊ लागली. या गावांच्या विकास आराखड्याला, विशेषतः टेकड्यांवरील सुमारे ९७८ हेक्टर क्षेत्राच्या जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणाला, अंतिम रूप येण्यास २०१५ साल उजाडले. मधल्या काळात टेकड्यांच्या पायथ्याशी किती बांधकाम झाले हे पुणेकरांना सांगावे लागत नाही. अंशतः वगळण्याचे परिणाम ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेत दिसतात. त्या वेळच्या ११ गावांच्या यादीत लोहगाव, मुंढवा व हडपसर यांच्यापुढे ‘उर्वरित’ असा उल्लेख आहे, म्हणजे एकाच महसुली गावाचा एक भाग दोन दशके शहरात आणि दुसरा ग्रामपंचायतीत होता. त्या काळात रस्त्याच्या एका बाजूला महानगरपालिकेचा नळ व दुसऱ्या बाजूला ग्रामपंचायतीचा टँकर अशी स्थिती काही ठिकाणी होती. ही अधिसूचनाही सहज निघाली नाही. ३४ गावांच्या समावेशाचा प्रस्ताव प्रलंबित राहिल्याने प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि शासनाने तेथे आधी ११ व उर्वरित गावे टप्प्याने घेण्याची भूमिका मांडली. ३० जून २०२१ रोजी आणखी २३ गावे आली. त्यांत वाघोली, मांजरी बुद्रुक, नऱ्हे, खडकवासला, सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक यांचा समावेश होता. २०१७ पूर्वी सुमारे २४४ चौरस किलोमीटर असलेले पुण्याचे क्षेत्र त्यामुळे सुमारे ५१६ चौरस किलोमीटर झाले व त्याने बृहन्मुंबईलाही मागे टाकले. विशेष म्हणजे या २३ गावांत नागरी सेवांची जबाबदारी महानगरपालिकेकडे आली तरी नियोजनाचे अधिकार २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडेच त्या वेळी ठेवले गेले. बांधकामाची परवानगी एकाने द्यायची आणि पाणी दुसऱ्याने पुरवायचे, ही रचना नियोजनशास्त्राच्या कोणत्याही कसोटीवर समर्थनीय ठरत नाही.

२०१७ च्या यादीतील उरुळी देवाची व फुरसुंगी यांचा प्रवास उलट दिशेने झाला. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे याच परिसरात टाकला जात होता. समावेशानंतर मिळकतकर वाढला, पण पाण्याची व रस्त्यांची तक्रार कायम राहिली, आणि दोन्ही गावे वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्याचा निर्णय डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झाला. पिंपरी-चिंचवडच्या बाजूला ताथवडे २००९ मध्ये आले, परंतु माहिती तंत्रज्ञान उद्यानामुळे लाखो लोकांची ये-जा असणारे हिंजवडी दोन्ही महानगरपालिकांच्या कडेला असूनही ग्रामपंचायतच राहिले. माण, मारुंजी, नेरे, जांबे यांच्यासह ते पिंपरी-चिंचवडमध्ये घेण्याचा प्रस्ताव वेळोवेळी पुढे आला आहे.

समावेश आणि वगळणे यांचे चक्र कल्याण-डोंबिवलीत सर्वांत स्पष्ट दिसते. १९८३ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा तिच्यात असलेली २७ गावे २००२ मध्ये वगळण्यात आली आणि १ जून २०१५ पासून पुन्हा समाविष्ट झाली. जून २०२० मध्ये त्यांतील १८ गावे स्वतंत्र नगरपरिषदेसाठी वगळणारी अधिसूचना निघाली, पण महानगरपालिकेशी विचारविनिमयाच्या मुद्द्यावर आक्षेप घेतला गेला व डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. कलम ३ मधील विचारविनिमय हा केवळ उपचार नाही, हे यातून अधोरेखित झाले. शेजारच्या नवी मुंबईतून २००७ मध्ये वगळलेली दहिसर, पिंपरी, गोठेघर, नारिवली, बाळे, वाकळण, भंडार्ली आदी १४ गावे पुन्हा त्याच महानगरपालिकेत घेण्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले. मात्र या गावांच्या व नवी मुंबईच्या मध्ये पारसिकचा डोंगर असल्याने जलवाहिन्या व रस्त्यांचा खर्च कोणी उचलावा हा वाद त्यानंतरही चालू राहिला.

पूर्वी हद्दीचे महत्त्व जकातीमुळे होते. शहराच्या वेशीवरील जकात नाका हीच सर्वसामान्यांच्या दृष्टीने हद्द असे आणि नाक्याबाहेर गोदामे व कारखाने उभे राहत. स्थानिक संस्था कर आणि २०१७ मधील वस्तू व सेवा कर यांनी हे कारण संपवले. त्यानंतर मिळकतकर, बांधकाम परवानगीचे शुल्क आणि चटई क्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या क्षेत्राच्या तुलनेत अनुज्ञेय बांधकामाचे प्रमाण) हे हद्दवाढीमागील मुख्य आर्थिक घटक ठरले आहेत. नव्या क्षेत्रातील करवाढ सौम्य व्हावी म्हणून प्रारंभी ग्रामपंचायतीच्या दराने व नंतर टप्प्याटप्प्याने महानगरपालिकेच्या दराने आकारणी करण्याची तरतूद अधिनियमात आहे. सातबारा व तलाठी कार्यालय मात्र समावेशानंतरही महसूल विभागाच्या अखत्यारीत राहते, त्यामुळे हद्दवाढीने जमिनीची नोंद आपोआप बदलत नाही.

कोल्हापूर या सर्वांना अपवाद आहे. १९७२ मध्ये महानगरपालिका झाल्यानंतर दशकानुदशके तेथे हद्दवाढ झालीच नाही. शहरातून हद्दवाढीसाठी आंदोलने झाली, तर आसपासच्या गावांनी शेतजमीन, करभार व ग्रामपंचायतीची स्वायत्तता यांच्या कारणास्तव तीव्र विरोध केला. २०१७ मध्ये समावेशाऐवजी ४२ गावांसाठी क्षेत्रविकास प्राधिकरण स्थापून तोडगा काढण्यात आला, परंतु त्याने दोन्ही पक्षांचे समाधान झाले असे म्हणता येत नाही.

पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, कामठी, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) व छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील कटक मंडळे (लष्करी छावण्यांचा कारभार पाहणाऱ्या संस्था, कँटोन्मेंट बोर्ड) हा सीमांचा आणखी एक प्रकार आहे. पुण्यात तर लष्करी छावण्या महानगरपालिकेच्या क्षेत्राने वेढलेल्या असून त्यांचा कारभार केंद्रीय कायद्याखाली चालतो. या मंडळांतील नागरी वस्त्या वेगळ्या काढून लगतच्या स्थानिक संस्थांत विलीन करण्याचे धोरण केंद्रशासनाने २०२३ पासून हाती घेतले आहे. त्यात लष्कराकडे राहणारी जमीन, कर्मचारी व निवृत्तिवेतनाचे दायित्व यांची वाटणी हा वाटाघाटींचा मुख्य विषय आहे.