गाण्याचा हक्क आणि रेकॉर्डिंगचा हक्क: मालिकेतल्या एका गाण्यामागचे दोन परवाने

"लेबलकडून एनओसी आलीय, आता गाणं वापरू या." पुण्यात कॉलेजातली मुलं वेब सिरीज करायला घेतात तेव्हा एडिटिंगच्या वेळी हे वाक्य कोणीतरी म्हणतंच. सिरीज बहुधा त्यांच्याच वयाची असते. बारावीचं वर्ष, फर्ग्युसन रस्ता, पाऊस, तुटलेली मैत्री. त्या पावसाखाली एक ओळखीचं गाणं ठेवलेलं असतं आणि ते त्या दृश्याला इतकं चिकटलेलं असतं की दुसरं काही चालेल असं कोणालाच वाटत नाही. लेबलची, म्हणजे संगीत कंपनीची, एनओसी (ना-हरकत पत्र) आली ही गोष्ट खरीच. पण बऱ्याचदा काम त्यामुळे निम्मंच झालेलं असतं.

आपण ज्याला एक गाणं म्हणतो त्यात कायद्याच्या दृष्टीने किमान दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे रचना, म्हणजे कवीचे शब्द आणि संगीतकाराची चाल. दुसरी म्हणजे ध्वनिमुद्रण: त्या रचनेचं एका ठरावीक स्टुडिओत, ठरावीक गळ्यातून, ठरावीक वादकांच्या साथीनं झालेलं एक रेकॉर्डिंग. रचना चित्राला जोडायची परवानगी म्हणजे सिंक परवाना. तयार रेकॉर्डिंग वापरायची परवानगी म्हणजे मास्टर परवाना. दृश्याखाली मूळ गाणं वाजवायचं असेल तर दोन्ही लागतात आणि दोन्ही देणारे लोक वेगळे असू शकतात.

सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला जाणाऱ्या पुणेकराला हे खरं तर सांगायलाही नको. एकच बंदिश वर्षानुवर्षं वेगवेगळे गायक तिथे गातात. बंदिश तीच, पण एका संध्याकाळी एका गायकानं गायलेली आणि मुद्रित झालेली ती मैफल ही निराळी वस्तू. मैफलीत हा फरक आपल्याला सहज कळतो. मग मोबाइलवर गाणं ऐकताना तो का विसरतो? कारण बहुतेक लोकप्रिय गाणी आपल्याला एकाच रेकॉर्डिंगमधून भेटलेली असतात. रचना आणि तो आवाज मनात एकजीव झालेले असतात.

हा फरक सगळ्यांत स्पष्ट दिसतो तो अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टच्या गाण्यांत. किशोरवयीन मुलांच्या मालिकांशी त्याचा थेट संबंध आहे. तिच्या पहिल्या सहा अल्बमची मास्टर रेकॉर्डिंग्ज तिच्या जुन्या लेबलकडे होती आणि २०१९ मध्ये ते लेबल विकलं गेलं तेव्हा ही रेकॉर्डिंग्जही नव्या मालकाकडे गेली. गाणी मात्र तिनं लिहिलेली होती आणि रचनेच्या बाजूचा निर्णय तिच्या हातात होता. म्हणून जाहिरातींसाठी आणि ट्रेलरसाठी जुनी रेकॉर्डिंग्ज मागणाऱ्यांना ती सिंक परवाना नाकारत राहिली. मास्टर एकाच्या ताब्यात, पण रचनेच्या मालकाचं 'हो' नसेल तर ते मास्टर चित्राखाली वाजू शकत नाही. पुढे तिनं तीच गाणी नव्यानं रेकॉर्ड करायला घेतली. शब्द तेच, चाल तीच, मास्टर मात्र नवं आणि तिचं स्वतःचं.

प्राइम व्हिडिओवरची 'द समर आय टर्न्ड प्रिटी' ही मालिका २०२२ साली आली. तिच्या ट्रेलरमध्ये 'धिस लव्ह' ऐकू आलं ते हे नवं रेकॉर्डिंग होतं. मूळ गाणं २०१४ च्या अल्बममधलं. पुण्यातल्या अनेक मुलामुलींना ही मालिका पाठ आहे आणि गाण्याच्या नावापुढे कंसात 'टेलर्स व्हर्जन' का लिहितात हेही त्यांना माहीत आहे. त्या कंसात सिंक आणि मास्टरमधला सगळा फरक आलेला आहे. मे २०२५ मध्ये स्विफ्टनं जुनी मास्टर्सही विकत घेतली, तेव्हा कुठे दोन्ही बाजू एका हातात आल्या.

याच्या उलट उदाहरण 'ब्रिजरटन'चं. ती किशोरांची मालिका नव्हे, पण दाखला आपल्या घरातला आहे. २०२२ च्या दुसऱ्या सीझनमध्ये हळदीच्या प्रसंगात 'कभी खुशी कभी गम'च्या शीर्षकगीताची चाल तंतुवाद्यांवर ऐकू येते. लतादीदींचा आवाज नाही, समीर यांचे शब्द नाहीत, २००१ चं रेकॉर्डिंगही नाही. आहे ती फक्त जतिन-ललित यांची चाल, नव्यानं वाजवून घेतलेली. अशा वेळी जुन्या मास्टरचा प्रश्नच येत नाही. पण म्हणून परवाना लागत नाही असं मुळीच नाही, कारण चाल कोणाची तरी आहेच. 'आम्ही कव्हर केलंय (म्हणजे गाणं नव्यानं गाऊन-वाजवून रेकॉर्ड केलंय), मूळ गाणं वापरलेलं नाही' असं म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. कव्हर केल्यानं तुमचं मास्टरचं काम संपतं, सिंकचं तसंच उरतं. आपल्या कायद्यात कव्हरसाठी ठरावीक अटींवर एक वैधानिक परवाना, म्हणजे कायद्यानेच दिलेली मुभा, आहे, पण तो ध्वनिमुद्रणापुरता. ते कव्हर चित्राला जोडायचं झालं की पुन्हा रचनेच्या मालकाकडे जावं लागतं.

परवाना हातात असूनही गाणं जाऊ शकतं, हे 'डॉसन्स क्रीक'नं दाखवलं. ही किशोरवयीन मालिका १९९८ ते २००३ चालली. पॉला कोलचं शीर्षकगीत म्हणजे तिची ओळखच होती. पण तिसऱ्या सीझनपासूनच्या डीव्हीडींवर ते गाणं नव्हतं, जॅन आर्डनचं दुसरंच गाणं होतं. २०२० मध्ये मालिका नेटफ्लिक्सवर आली तेव्हाही तेच बदललेलं गाणं वाजलं आणि जुने प्रेक्षक हळहळले. पुढच्या वर्षी पॉला कोलचं गाणं परत आलं. 'डारिया' या किशोरवयीन मुलीच्या कार्टून मालिकेचं तर २०१० च्या डीव्हीडीत जवळपास सगळंच लोकप्रिय संगीत बदललं गेलं. कारण एकच: परवाना घेताना तो कोणत्या माध्यमासाठी, किती वर्षांसाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी हे लिहिलेलं असतं. टीव्हीसाठी घेतलेला परवाना डीव्हीडीला किंवा स्ट्रीमिंगला आपोआप लागू होत नाही. ही अट सिंकला आहे तशी मास्टरलाही आहे. एकाची मुदत दहा वर्षं आणि दुसऱ्याची पाच असली, तर गाणं पाचव्या वर्षी उतरवावं लागतं.

मग आपल्याकडे 'लेबलची एनओसी म्हणजे सगळं' हा समज आला कुठून? मला वाटतं तो हिंदी-मराठी चित्रपटसंगीतातून आला. चित्रपटाच्या गाण्यांचे हक्क पूर्वापार निर्मात्याकडे आणि त्याच्याकडून संगीत कंपनीकडे जात आले. शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग तिन्ही एकाच छपराखाली असल्यामुळे एका पत्रात सिंक आणि मास्टर दोन्ही मिटतात. तिथे दोन परवाने नसतात असं नाही, देणारा एकच असतो इतकंच. हीच सवय घेऊन आपण एखाद्या स्वतंत्र बँडच्या किंवा परदेशी गायिकेच्या गाण्याकडे जातो आणि अडकतो.

मुदतीच्या बाबतीत तर दोन्ही हक्क अगदी वेगळ्या वाटांनी जातात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द आणि चालीवरचा हक्क कवीच्या किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. रेकॉर्डिंगवरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. दोन्हीची मोजणी पुढच्या वर्षाच्या आरंभापासून. आता 'गीतरामायण' घ्या. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ते घरोघरी पोहोचलं. गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणजे शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, म्हणजे चालींवरचा २०६२ अखेरपर्यंत. एकाच गाण्याचे शब्द मोकळे होतील तेव्हा चाल मोकळी व्हायला आणखी २५ वर्षं लागतील! याच जोडीच्या १९५० च्या दशकात रेकॉर्ड होऊन बाजारात आलेल्या चित्रपटगीताचं पाहिलं, तर त्या रेकॉर्डिंगची मुदत संपलेली आहे, शब्द आणि चालीची नाही. 'जुनी तबकडी आहे, कोण विचारतंय' असं म्हणून ती दृश्याखाली ठेवणं चूक ठरतं ते यामुळे.

आणि याची दुसरी बाजूही आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले. 'सौभद्र'मधली त्यांची पदं केव्हाच सगळ्यांची झाली आहेत. पण ती पदं १९९० मध्ये कोणी गाऊन कॅसेट काढली असेल, तर त्या कॅसेटवरचं रेकॉर्डिंग आजही कोणाचं तरी आहे. पद तुम्ही स्वतः गाऊन वापरू शकता, ती कॅसेट विचारल्याशिवाय नाही. पुण्याच्या मुलांना मी हे आवर्जून सांगते, कारण नाट्यसंगीताचा एवढा मोठा ठेवा त्यांना असा मोकळा मिळालेला आहे आणि त्याकडे कोणी वळून पाहत नाही. एखाद्या सोळा वर्षांच्या मुलीच्या एकटेपणाखाली जुनं पद नव्या गळ्यातून, नुसत्या गिटारवर वाजलं तर काय होईल, हे करून पाहायला हवं.

कवितांना चाली लावणाऱ्या पुण्यातल्या बँडचंही याच हिशेबानं बघावं लागतं. बालकवी १९१८ मध्ये गेले, त्यांचे शब्द मोकळे आहेत. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०५९ अखेरपर्यंत राहील. बँडनं कुसुमाग्रजांच्या कवितेला चाल लावली आणि ती तुमच्या सिरीजला दिली, तर चाल आणि मास्टर देण्याचा अधिकार बँडला आहे, शब्द देण्याचा नाही. या साखळीत कवी सगळ्यांत आधी विसरला जातो, आणि मला हे लागतं. गाणं गाजतं तेव्हा गायकाचं नाव होतं, मालिकेचं होतं, ज्याच्या ओळीनं प्रेक्षक रडला त्याच्या घरी मात्र साधं पत्रही जात नाही. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनं निदान एवढं केलं की चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात गेलेल्या गीत-संगीताच्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा वाटा करारात कोणी लिहून घेऊ शकत नाही. चित्रपटगृहातलं प्रदर्शन तेवढं अपवाद.

काही समज झटपट दूर करते. तीस सेकंदांपर्यंत गाणं फुकट वापरता येतं असा कोणताही नियम नाही. 'क्रेडिट दिलंय' म्हणजे परवाना झाला असं नाही. कॉलेजच्या कार्यक्रमाला कायद्यात सवलत आहे, पण प्रेक्षक म्हणजे संस्थेतले विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित लोक असतील तेव्हाच. पुरुषोत्तम किंवा फिरोदियासारख्या स्पर्धेतल्या प्रयोगात रेकॉर्डेड गाणं वाजवणं हा जाहीर वादनाचा विषय आहे, सिंकचा नव्हे. तिथेही दोन बाजू आहेतच आणि जाहीर वादनाचे परवाने देणाऱ्या संस्थाही दोन: रचनांसाठी १९६९ पासूनची आयपीआरएस आणि रेकॉर्डिंगसाठी १९४१ पासूनची पीपीएल. पण त्या प्रयोगाचं चित्रीकरण यूट्यूबवर टाकलंत की विषय बदलतो. एकाच गाण्यावर तिथे दोन वेगळे दावे येऊ शकतात, एक रेकॉर्डिंगवर आणि एक चालीवर, आणि एकाला उत्तर दिलं म्हणून दुसरा जात नाही.

खुद्द परवाना मागताना दोन्ही बाजूंना एकाच वेळी लिहावं. रचनेसाठी पब्लिशरला (रचनेचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीला) किंवा कवी-संगीतकाराच्या वारसांना, रेकॉर्डिंगसाठी लेबलला किंवा बँडला. एका बाजूचे पैसे भरून झाल्यावर दुसरी बाजू 'नाही' म्हणाली तर ते पैसे वाया जातात, म्हणून दोन्हीकडून लेखी होकार येईपर्यंत सही करू नये. दोन्ही बाजूंना सारखीच रक्कम ही या व्यवसायातली रूढ पद्धत आहे. एकाला जास्त दिलेत की दुसराही तेवढंच मागतो, त्यामुळे बजेट मांडताना एका बाजूकडून आलेला आकडा दुपटीनं धरावा. पत्रात दृश्याचं थोडक्यात वर्णन, गाणं किती सेकंद वाजणार, शीर्षकाखाली की प्रसंगाखाली, कुठे दाखवणार, किती वर्षं, भारतात की जगभर, आणि ट्रेलरमध्येही वापरणार का, हे सगळं असावं. ट्रेलर बहुतेक करारात वेगळा मोजतात. आणि हे पत्र शूटिंगच्या आधी जायला हवं, कारण नकार आला तर पर्यायी गाणं शोधायला किंवा नवं करून घ्यायला वेळ हातात राहतो.