हॉब्ज, सर जॅक
हॉब्ज, सर जॅक : (१६ डिसेंबर १८८२–२१ डिसेंबर १९६३). इंग्लंडचे व सरे कौंटीचे (परगण्याच्या संघाचे) व्यावसायिक क्रिकेटपटू, उजव्या हाताचे सलामीचे फलंदाज. पूर्ण नाव जॉन बेरी हॉब्ज. जन्म केंब्रिज येथे. वडील जीझस कॉलेजच्या मैदानाची देखभाल करीत. एसेक्स कौंटीने हॉब्ज यांची चाचणी घेण्यास नकार दिला. पुढे केंब्रिजचेच, सरेकडून खेळणारे फलंदाज टॉम हेवर्ड यांच्या शिफारशीवरून १९०३ मध्ये सरेने त्यांना घेतले. मात्र परक्या परगण्यातील खेळाडूला कौंटीकडून खेळण्यापूर्वी तेथे दोन वर्षे वास्तव्य करावे लागे, म्हणून पदार्पण १९०५ मध्ये झाले. कौंटी स्पर्धेतील पहिल्याच सामन्यात त्यांनी १५५ धावा केल्या, त्याही एसेक्सविरुद्ध. कसोटी पदार्पण १ जानेवारी १९०८ रोजी मेलबर्नला झाले (८३ धावा).

त्यांच्या तंत्राचा विचार तत्कालीन नियम व खेळपट्ट्या यांच्यासह करावा लागतो. खेळपट्टी झाकली जात नसे. पावसानंतर ऊन पडले की वरचा थर वाळू लागे, आतला ओला राही. चेंडू कधी थांबून येई, कधी छातीपर्यंत उसळे. अशा वेळी पुढे झेपावणारा फलंदाज जवळच्या क्षेत्ररक्षकाकडे झेल देऊन बसे. हॉब्ज मागे सरकत, चेंडू शेवटपर्यंत पाहत, बॅटवरची पकड सैल ठेवून तो पायाशीच पाडत. जानेवारी १९२९ मध्ये मेलबर्नच्या अशाच खेळपट्टीवर त्यांनी इंग्लंडचे दुसरे सलामीवीर हर्बर्ट सटक्लिफ यांच्याबरोबर १०५ धावांची सलामी दिली. त्यांच्या धावा केवळ ४९. तरी इंग्लंडने ३३२ धावांचे लक्ष्य गाठले ते या पायावर. केवळ शतके मोजणाऱ्यांच्या नजरेतून ही खेळी निसटते.

पायचीतच्या त्या वेळच्या नियमानुसार चेंडूचा टप्पा दोन्ही टोकांच्या यष्ट्यांच्या सरळ रेषेत असणे आवश्यक होते. त्यामुळे ऑफस्टंपबाहेर टप्पा पडून आत वळणारा चेंडू पॅडने अडविता येई, आणि हॉब्ज बॅटमागचा हा दुसरा बचाव मुक्तपणे वापरीत. १९३५ मध्ये हा नियम बदलू लागला. त्यांची कारकीर्द त्याआधीच संपली होती. १९०९-१० च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात मॅटिंगवर (चटई अंथरलेल्या खेळपट्टीवर) तेथील गोलंदाज व्होग्लर व फॉकनर यांच्या गुगलीने (लेगब्रेकसारख्या दिसणाऱ्या, पण उलट वळणाऱ्या चेंडूने) इतर फलंदाज गोंधळले. हॉब्ज यांनी मनगट पाहून चेंडू ओळखला व मालिकेत ५३९ धावा केल्या.

प्रथम श्रेणीतील (कौंटी, कसोटी अशा अनेक दिवसांच्या वरिष्ठ सामन्यांतील) एकूण धावांबद्दल एकमत नाही. पारंपरिक गणनेनुसार ६१,२३७ धावा व १९७ शतके. क्रिकेट संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेनुसार ६१,७६० धावा व १९९ शतके. फरक पडतो तो १९३०-३१ च्या भारत व सिलोन (आजचे श्रीलंका) दौऱ्यामुळे. राजकीय अस्थिरतेमुळे एमसीसीचा (मेरिलबोन क्रिकेट क्लब; इंग्लंडचे संघ तेव्हा याच क्लबच्या नावाने दौरे करीत) दौरा रद्द झाल्यावर विजयनगरमच्या महाराजकुमारांनी स्वतःचा संघ काढला व हॉब्ज-सटक्लिफ यांना त्यात बोलावले. त्यातील सामन्यांना प्रथम श्रेणी मानायचे की नाही, हा प्रश्न आहे. हॉब्ज यांच्या हयातीत १९७ हाच आकडा रूढ होता आणि १९३४ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर केलेले शतक हे त्यांचे १९७ वे मानले गेले. प्रस्तुत नोंदीत तीच गणना स्वीकारली आहे. कोणतीही गणना घेतली, तरी धावा व शतके या दोन्हींत ते अग्रस्थानीच राहतात. त्यांची जवळजवळ निम्मी शतके चाळिशीनंतरची आहेत. ऑगस्ट १९२५ मध्ये टाँटन येथे दोन्ही डावांत शतके करून त्यांनी आधीच्या पिढीतील इंग्लंडचे फलंदाज डब्ल्यू. जी. ग्रेस यांचा १२६ शतकांचा उच्चांक मोडला. कसोटीत ६१ सामने, ५,४१० धावा, सरासरी ५६.९४, शतके १५. शेवटचे शतक (१४२) मेलबर्नला, वयाच्या ४६ व्या वर्षी.

व्यावसायिक खेळाडूंना हौशी (खेळासाठी वेतन न घेणाऱ्या) खेळाडूंहून वेगळी खोली व वेगळे दार असे. कर्णधारपद सहसा हौशी खेळाडूकडेच जाई. १९२६ मध्ये कर्णधार आर्थर कार आजारी पडल्याने ओल्ड ट्रॅफर्ड कसोटीत हॉब्ज यांनी मैदानावर नेतृत्व केले. व्यावसायिक खेळाडूच्या हाती ती सूत्रे जाणे त्या काळी असामान्य होते. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर त्यांचे क्रीडासाहित्याचे दुकान होते. १९५३ मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला. तो मिळविणारे ते पहिले व्यावसायिक क्रिकेटपटू. निधन होव्ह येथे.