सामानाच्या ट्रकमागे तुमची गाडी : जोडण्याआधी आणि जोडल्यावर

घर हलवताना सामान ट्रकमध्ये आणि घरची गाडी ट्रकच्या मागे, असा बेत असेल तर ट्रक ठरवतानाच आम्हाला तीन गोष्टी कळवा: गाडीचे मॉडेल, गिअरबॉक्स मॅन्युअल की ऑटोमॅटिक, आणि इंजिन कोणती चाके फिरवते. मागे काय जोडायचे ते यावरच ठरते. दोरीने टोचन करून बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत नेणे वेगळे. लांबच्या प्रवासाला तो पर्याय आम्ही देत नाही.

डॉली की ट्रेलर?

डॉली म्हणजे ट्रकमागे जोडायचा दोन चाकांचा छोटा गाडा. तिच्यावर गाडीची पुढची दोनच चाके चढतात, मागची रस्त्यावर फिरत राहतात. फ्रंट व्हील ड्राइव्ह (इंजिन पुढची चाके फिरवते अशा) गाडीला हे चालते. रिअर व्हील ड्राइव्ह (इंजिन मागची चाके फिरवते अशी) गाडी अशी नेली, तर मागची चाके प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्स आणि मागची चाके यांना जोडणारा लांब दांडा) फिरवतात आणि शाफ्ट गिअरबॉक्सचे आतले भाग फिरवतो. इंजिन बंद असल्याने ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा ऑइल पंपही बंद असतो. परिणामी आतले भाग कोरडेच घासले जातात. गिअर न्यूट्रलला ठेवल्याने हे टळत नाही. शाफ्ट सोडवून नेता येते, पण ते मेकॅनिकचे काम आहे. फोर व्हील, ऑल व्हील ड्राइव्ह आणि इलेक्ट्रिक गाडीला चारही चाके वर घेणारा ट्रेलरच लागतो. इलेक्ट्रिक गाडीची चाके फिरली की बहुतेक मॉडेलमध्ये मोटरही फिरते आणि वीज तयार होऊ लागते.

डॉलीवर गाडी गिअरमध्ये (ऑटोमॅटिक असेल तर P मध्ये) ठेवा, पण हँडब्रेक सोडलेलाच हवा. ट्रेलरवर मात्र गिअरही हवा आणि हँडब्रेकही. डॉलीवर हँडब्रेक ओढलेला राहिला तर मागचे टायर फिरायच्या ऐवजी फरफटतात आणि थोड्याच अंतरात कामातून जातात. ट्रकमध्ये बसलेल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. बटणाचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर जास्त सावध राहा, कारण काही गाड्यांत इग्निशन बंद केले की तो आपोआप लागतो. तो कसा सोडून ठेवायचा ते गाडीच्या पुस्तिकेत पाहा. मग मागचे चाक खरेच फिरते आहे ना, हे ट्रक दोन-चार मीटर पुढे घेऊन दुसऱ्या माणसाला बघायला सांगा.

जोडणी

आधी ट्रक भरा, मग मागे जोडा. जड सामान ट्रकच्या पुढच्या भागात, केबिनच्या भिंतीला लागून ठेवा. गाडी रिकामी ठेवा. “थोड्या पिशव्या मागच्या सीटवर” म्हणता म्हणता वजन मर्यादेबाहेर जाते. ट्रेलरवर गाडी नेहमी तोंड पुढे करूनच चढवा. इंजिनचे वजन मागे गेले तर हिचवरचा (ट्रकच्या मागच्या जोडणीवरचा) दाब कमी होतो आणि वेग वाढला की ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो.

हिचच्या बॉलवर (गोळ्यावर) आणि ट्रेलरच्या कपलरवर (बॉलवर बसणाऱ्या वाटीवर) माप कोरलेले असते. दोन्ही मापे एकच हवीत. १ ७/८ इंची बॉलवर २ इंची कपलर बसतो, खटकाही लागतो, पण मोठ्या धक्क्याला वर निसटू शकतो. खटका आणि पिन लावल्यावर ट्रेलरच्या जॅकने ट्रेलरचा पुढचा, कपलरचा दांडा थोडा उचलून पाहा. त्यासोबत ट्रकची मागची बाजूही उचलली गेली तर जोडणी पक्की. मग जॅक पूर्ण वर घ्या.

सेफ्टी चेन दांड्याखालून एकमेकींना छेद देऊन लावा, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडा जमिनीवर न आपटता चेनवर तोलला जाईल. वळणापुरती ढील ठेवा, पण चेन रस्त्याला घासू देऊ नका. लाइटचा प्लग जोडून ब्रेक लाइट आणि दोन्ही इंडिकेटर तपासा.

टायरवरचे पट्टे रॅचेटने (पट्टा ताणून धरणाऱ्या खटक्याने) करकचून ताणा. पहिल्या ८-१० किलोमीटरवर थांबून पुन्हा ताणा. टायर बैठकीत बसले की पट्टे सैल पडतातच, त्यात चूक कुणाची नसते. त्यानंतर दर ८० किलोमीटरला आणि प्रत्येक थांब्यावर पाहा. जाता जाता: गाडीचा अलार्म बंद करा, नाहीतर हेलकाव्यांनी तो रस्ताभर वाजेल आणि बॅटरीही उतरेल.

रस्त्यावर

वेग ८० च्या आत ठेवा; तिथली मर्यादा कमी असेल तर ती पाळा. वळण मोठे घ्या, कारण मागची चाके आतल्या बाजूने कापत येतात. उतारावर आधीच खालचा गिअर घ्या, सतत ब्रेक दाबून ठेवू नका. मागची गाडी डावी-उजवीकडे हेलकावू लागली तर ॲक्सिलरेटर सोडा आणि स्टिअरिंग सरळ धरा. जोरात ब्रेक नको आणि वेग वाढवून “सरळ करायचा” प्रयत्न तर मुळीच नको. ओढल्या जाणाऱ्या गाडीत कुणालाही बसू देऊ नका, पाळीव प्राण्यांनाही नाही.

डॉली जोडून रिव्हर्स घेऊ नका. डॉली हिचवर वळते, शिवाय बहुतेक डॉलींचा, गाडीची चाके ज्यावर बसतात तो पाटही वेगळा वळतो. त्यामुळे दोन-तीन मीटरमध्येच सगळे दुमडते आणि गाडीचा बंपर डॉलीला लागतो. पेट्रोल पंपावर आणि जेवायला थांबताना पुढून सरळ बाहेर पडता येईल अशीच जागा निवडा. अडकलातच तर आधी गाडी उतरवा, मग डॉली सोडा, आणि त्यानंतर ट्रक मागे घ्या.