नायट्रस पेट घेत नाही, जुनं इंजिन मरतं ते पेट्रोल कमी पडल्यामुळे

नायट्रस म्हणजे स्फोटक इंधन, ताकद वाढवायला जुन्या स्पोर्ट्स कारला त्याची बाटली लावली की इंजिन उडणारच, हे वर्षानुवर्षं ऐकतोय. पण नायट्रस ऑक्साइड स्वतः जळतच नाही हो! साधारण 300 अंशांना त्याचं विघटन होऊन ऑक्सिजन सुटतो, वजनाने 36 टक्के, हवेत तो 23 च असतो, म्हणजे तेवढंच जास्त पेट्रोल जाळता येतं आणि ताकद तिथून येते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांत जीएम-1 नावाने हेच वापरलं होतं.

मग पिस्टन का वितळतात? नायट्रस आत गेला आणि जोडीला पेट्रोल पुरेसं गेलं नाही, मिक्श्चर लीन झालं (पेट्रोल कमी, ऑक्सिजन जास्त), डेटोनेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रणाचा अनियंत्रित स्फोट, सुरू झालं की संपलं. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाडीचा मेकॅनिकल फ्युएल पंप इथेच कमी पडतो, म्हणून वेट किट (नायट्रससोबत जास्तीचं पेट्रोलही सोडणारं) घ्या, वेगळा इलेक्ट्रिक पंप लावा आणि फ्युएल प्रेशर सेफ्टी स्विच लावाच, प्रेशर पडलं की नायट्रस बंद. फुल थ्रॉटलवरच (अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावरच) चालू होईल असा स्विच हवा, कमी आरपीएमला अजिबात सोडायचा नाही. इग्निशन टायमिंग थोडं रिटार्ड करा, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पडू द्या, आणि स्पार्क प्लग एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा.

आधी कम्प्रेशन टेस्ट (सिलिंडर दाब नीट धरतात का ते बघणं) करा राव, थकलेल्या इंजिनवर प्रयोग नको. जुने कास्ट (ओतीव, त्यामुळे कमी मजबूत) पिस्टन असतील तर सगळ्यात छोटा जेट, म्हणजे नायट्रस मोजून सोडणारं सगळ्यात बारीक छिद्र.

बाटली मात्र खरंच जपायची, आत हजारेक पीएसआय प्रेशर असतं, ब्लो-ऑफ व्हेंटचा (प्रेशर फार वाढलं तर गॅस सोडणाऱ्या वाटेचा) पाइप गाडीबाहेर काढा आणि ती आगीवर कधीच गरम करू नका.