महाविद्यालयीन ग्रंथालय : अध्यापकांसाठीची साधने व सेवा (नागपूर)

अध्यापन व संशोधनासाठी महाविद्यालयाचे ग्रंथालय अध्यापकांना जे ग्रंथ, नियतकालिके व ई-साधने पुरवते ती, आणि त्यांभोवतीचे संदर्भकार्य. विद्यार्थ्यांची देवघेव, बुक बँक व वाचनकक्ष यांचा विचार येथे केलेला नाही.

नागपुरातील या सेवेचा आरंभ निश्चित सांगणे कठीण आहे. मिशनरी व भूवैज्ञानिक स्टीफन हिस्लॉप (१८१७–६३) यांच्या शाळेपासून मोजल्यास तो १८४०च्या दशकापर्यंत मागे नेता येतो. पण शाळेचा पुस्तकसंग्रह आणि प्राध्यापकांच्या अभ्यासासाठी जमवलेला संग्रह या वेगळ्या गोष्टी होत. हिस्लॉप कॉलेज (१८८३) व मॉरिस कॉलेज (१८८५, आजची वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था) यांपासून आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. ही महाविद्यालये आधी कलकत्ता व नंतर अलाहाबाद विद्यापीठाशी संलग्न होती. अभ्यासक्रम दूरवर ठरत असल्याने नेमलेली पुस्तके मागवून प्राध्यापकांच्या हाती देणे हेच ग्रंथपालाचे मुख्य काम असावे. संशोधनसाहाय्य या अर्थाने सेवेची सुरुवात नागपूर विद्यापीठाच्या स्थापनेनंतर (४ ऑगस्ट १९२३) झाली, असे मानायलाही आधार आहे. मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवणारे वा. वि. मिराशी यांचे वाकाटक व कलचुरी कोरीव लेखांवरील काम पाहिले, म्हणजे बांधीव संशोधनपत्रिकांचे खंड अध्यापकाला किती लागतात ते कळते.

वर्गीकरण. महाविद्यालयांत सर्वसाधारणपणे ड्यूई दशांश पद्धती (१८७६) चालते, शि. रा. रंगनाथन यांची द्विबिंदू पद्धती (१९३३) ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात शिकवली जाते, कपाटांवर क्वचितच दिसते. ड्यूईत मराठी साहित्य ८९१.४६ खाली येते : काव्य ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कादंबरी-कथा ८९१.४६३. अडचण महानुभाव वाङ्मयाशी येते, आणि विदर्भात ती टाळता येत नाही. म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ (तेराव्या शतकाचा उत्तरार्ध) पंथाचा ग्रंथ म्हणून २९४.५ (हिंदू धर्म) मध्ये ठेवावे, की आद्य मराठी गद्य म्हणून ८९१.४६ मध्ये? दोन्ही बाजूंना तर्क आहे. परिणामी एकाच ग्रंथाच्या दोन आवृत्त्या दोन दालनांत जाऊ शकतात, आणि मराठीच्या प्राध्यापकाला एकच सापडते. द्विबिंदू पद्धती विषयाची चिरफाड अधिक बारकाईने करते. तीत लेखकाचा क्रमांक जन्मवर्षावरून बनतो : कुसुमाग्रजांचे (जन्म १९१२) काव्य ‘ओ१५५,१एन१२’, येथे ओ म्हणजे साहित्य, १५५ म्हणजे मराठी, १ म्हणजे काव्य आणि एन१२ म्हणजे १९१२. आधुनिक कवीला हे चोख बसते. ज्यांचे जन्मवर्षच ठाऊक नाही अशा महानुभाव ग्रंथकारांपाशी मात्र ही सोय तुटते. विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते यांनी या वाङ्मयाच्या संपादनाला आयुष्य दिले, तेव्हा नागपूरच्या ग्रंथपालाने हा प्रश्न दुय्यम मानू नये. ग्रंथ साहित्यात ठेवून तालिकेत (ग्रंथालयाच्या ग्रंथसूचीत) पंथाच्या नोंदीखाली दुसरी नोंद करणे हा मार्ग योग्य दिसतो. संगणकीय तालिकेत त्याला काहीच खर्च येत नाही. विषयशीर्षक भरताना एक ओळ जास्त लिहावी लागते, इतकेच.

ई-साधने. विद्यापीठ-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट केंद्राची सोल ही ग्रंथालय-संगणकप्रणाली किंवा मुक्तस्रोत कोहा वापरून तालिका संगणकावर आली. ई-नियतकालिके व ई-पुस्तकांसाठी त्याच केंद्राची एन-लिस्ट योजना (२०१०) हा अनुदानित महाविद्यालयांचा आधार राहिला आहे. अध्यापकाला खाते मिळते ते ग्रंथपालाने नाव व ई-मेल नोंदवल्यावर. बदली होऊन आलेला किंवा तासिका तत्त्वावर नेमलेला प्राध्यापक या यादीतून सुटण्याचा धोका असतो, आणि खाते नसले की एरवी चालू असलेली सेवा त्याच्यापुरती बंदच राहते. प्रबंध शोधगंगा या त्याच केंद्राच्या ऑनलाइन प्रबंधसंग्रहात वाचता येतात. संस्थांना ई-नियतकालिकांची एकत्रित वर्गणी पुरवणारी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली व ती जानेवारी २०२५ पासून अमलात आली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके असा तिचा विस्तार आहे. पहिल्या टप्प्यात ती केंद्र व राज्य शासनाच्या संस्थांपुरती असल्याने एकाच शहरात व्हीएनआयटी या केंद्रीय अभियांत्रिकी संस्थेच्या प्राध्यापकाला मिळणारा लेख खासगी महाविद्यालयातल्या सहकाऱ्याला मिळेलच असे नाही. ही दरी गंभीर आहे.

साम्य तपासणी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधाचे इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडनीय नाही. १० ते ४० टक्के असल्यास प्रबंध ठरावीक मुदतीत सुधारून द्यावा लागतो, ४० ते ६० टक्के असल्यास एक वर्ष सादर करता येत नाही, आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. अहवाल काढून देण्याचे काम बहुधा ग्रंथपालाकडे येते. अवतरणे व संदर्भसूची वगळून अहवाल कसा वाचायचा हे समजावून देणे टक्क्याच्या आकड्यापेक्षा अधिक उपयोगी ठरते.

संदर्भसेवा व परस्पर देवघेव. नॅक या उच्चशिक्षण संस्थांची गुणवत्ता तपासणाऱ्या परिषदेच्या मूल्यांकनात चौथ्या निकषाखाली ग्रंथालयाचा खर्च, ई-साधनांची वर्गणी व दैनंदिन वापर मोजला जातो. प्राध्यापक कोणता पेपर शिकवतो हे जाणून नव्या अंकातली अनुक्रमणिका त्याच्या विभागात पोचवणारा ग्रंथपाल या मोजणीत दिसत नाही, मात्र अध्यापकांना सर्वाधिक गरज त्याचीच असते. परस्पर देवघेवीची औपचारिक व्यवस्था क्षीण असून ती बरीचशी ओळखीपाळखीवर चालते. विदर्भाच्या इतिहासासाठी विदर्भ संशोधन मंडळ, साहित्यासाठी सीताबर्डीचा विदर्भ साहित्य संघ, पर्यावरणासाठी नीरी, कापसासाठी केंद्रीय कापूस संशोधन संस्था येथील संग्रहांकडे वळावे लागते. तेथे जाताना महाविद्यालयाच्या ग्रंथपालाचे पत्र सोबत न्यावे.